शंकरपाळ्यांची निवडणूक

सुनंदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा आधी माझं अर्धं कपाट गेलं, मग पलंगाखालची जागा गेली, आणि ईस्टरच्या सुमाराला आई गेली. गेली म्हणजे कुठे गेली नाही. होती तिथेच, स्वयंपाकघरात, गॅसपाशी, पदर खोचून. पण तिथून ती जे हसायची ते आता सुनंदाबरोबर हसायची. आज मी साठीला टेकले आहे, सुनंदा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, दोघींचेही गुडघे केव्हाच संपावर गेले आहेत, तरी हे लिहिताना माझ्या पोटात जुना निखारा हलतोच. कुणी म्हणेल, एवढ्या वर्षांनी काय ते उगाळत बसायचं! मला उगाळायचंच आहे. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचं प्रकरण वाचावं.

सुनंदा ही माझ्या मामाची मुलगी. सांगलीकडच्या ज्या गावातून आई लग्न होऊन पुण्याला आणि तिथून बाबांबरोबर इंग्लंडला आली, त्याच गावातली, त्याच घरातली. वसंतमामा, ज्याला सुनंदा अण्णा म्हणायची, तालुक्याच्या राजकारणातला माणूस. पंचायत समितीपासून दूध सोसायटीपर्यंत एकही निवडणूक त्याने सोडली नव्हती, आणि जिंकला त्यापेक्षा हरलाच जास्त. मुलीने इथल्या कॉलेजात अकाउंट्सचा कोर्स करावा, इंग्रजी सुधारावं आणि जमलं तर इथलंच एखादं स्थळ पाहावं, असा त्याचा बेत होता. ती सप्टेंबरात आली. ट्रंकेत कपडे कमी आणि डबे जास्त. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू, आणि तिकडे कांदा-लसूण घालून वर्षभराची करून ठेवतात ती लाल चटणी. आईने त्या चटणीच्या डब्यात नाक घातलं आणि ती रडायला लागली. मी सात वर्षांची असताना या देशात आले. त्यानंतर मी आईला कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या कुठल्याही रिपोर्ट कार्डाने तिच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, आणि माझी रिपोर्ट कार्डं चांगली असायची.

आमचं घर मँचेस्टरहून ट्रेनने अर्ध्या तासावरच्या एका गिरणीच्या गावात, टेकडीच्या माथ्यावर होतं. गिरण्या केव्हाच बंद पडलेल्या. बाबा जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. खाली त्यांचा दवाखाना, इथल्या भाषेत सर्जरी, वर आम्ही. सकाळी जाग यायची ती वेटिंग रूममधल्या खोकल्यांनी. कुठला खोकला शेजारच्या मिसेस ऑग्डनचा आणि कुठला पोस्टमनचा हे मला अंथरुणातून सांगता यायचं. मग फोनची घंटा आणि आईचा इस्त्री केलेला आवाज, "डॉक्टर्स सर्जरी, गुड मॉर्निंग." आई बाबांची रिसेप्शनिस्ट होती. बाबा पुण्याचे. त्यांच्या आमटीत गूळ लागायचा आणि बोलण्यात प्रत्येक अक्षर जागच्या जागी लागायचं. आईने लग्नानंतर गूळही उचलला आणि अक्षरंही. मी तर समजून चालले होते की ही आईची जन्माचीच भाषा.

सुनंदा येऊन आठवडा झाला असेल. मी कॉलेजातून घरी आले तर जिन्यातच दोन बायकांचं मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं, आणि त्यातली एक कोण ते मला क्षणभर कळेना.

"आगं, लई तिखट झालंय की गं!"

"असू दे की आत्या. खाऊन तर बघू दे त्येंला."

"नाकातनं पानी येतंय बघ आता डॉक्टरांच्या!"

आणि असं हसणं, की जिन्याचा कठडा थरथरला. ती दुसरी बाई आई होती. म्हणजे आईकडे आणखी एक अख्खी भाषा होती, तिखट आमटी होती, खिदळणं होतं, आणि हे सगळं तिने आमच्यापासून कपाटात वर ठेवून दिलं होतं. सुनंदाने येऊन ते खाली काढलं. त्या रात्री बाबांनी कपाळ पुसत पुसत आमटी खाल्ली. मी दोन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला गुळाचीच आवडते." कुणी लक्ष दिलं नाही.

पण आईचा उजवा हात मी होते, हे इथे नीट लिहून ठेवते. टेकडीवर येणारी बस बंद झाली तेव्हापासून. सर्जरीत येणाऱ्या म्हाताऱ्या तो चढ चढून धापा टाकत यायच्या. बाबा म्हणायचे, मी ब्लडप्रेशर मोजतच नाही, टेकडी मोजतो. आईने काउन्सिलला, इथल्या नगरपालिकेला, पत्रं लिहायचं मनावर घेतलं. ती मराठीत सांगायची, मी इंग्रजीत टाइप करायची, दोघी मिळून पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जायचो. त्या चालण्यात आई माझी असायची. उत्तरं यायची, की आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. अशा पुष्कळ नोंदी झाल्यावर एक दिवस मिसेस ऑग्डन, जन्मभर गिरणीत उभी राहिलेली विधवा बाई, भर वेटिंग रूममध्ये आईला म्हणाली, "सुमन, लव्ह, लिहितेस कशाला? तूच उभी राहा. अर्जावर पहिली सही माझी."

मे महिन्यात आमच्या वॉर्डातल्या एका जागेची निवडणूक होती. पक्षांचे उमेदवार ठरलेले. आई अपक्ष उभी राहिली. बाबांनी चष्मा पुसत विचारलं, "अगं, पण हरलीस तर?" आई म्हणाली, "अहो, हरले तर रिसेप्शनिस्ट आहेच की." बाबा तिचे इलेक्शन एजंट झाले, म्हणजे कागदोपत्री जबाबदार माणूस. बाकी सगळं मी करणार, हे मी धरूनच चालले होते. राजकारण हा माझा ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, विषय होता. मी एक पत्रक लिहिलं. अजूनही सांगते, त्या वॉर्डात इतकं स्वच्छ इंग्रजी पत्रक त्याआधी कुणी वाटलं नसेल.

सुनंदाने ते उलटंपालटं करून पाहिलं. "झ्याक झालंय. पर आत्या, कागद कोण वाचतंय? अण्णा काय म्हणत्यात, दारात गेल्यावर मत मागायचंच न्हाई. पानी मागायचं. मानसानं आपल्याला पानी दिलं, की त्यो आपला झाला."

"इथं पाणी नाही गं देत," आई म्हणाली. "चहा देतात."

"मग च्या मागू की."

मी हसले. मला वाटलं, आता हिची फजिती पाहण्यासारखी होणार. पहिल्या शनिवारी आम्ही निघालो. रस्त्याची एक बाजू माझी, दुसरी आईची आणि सुनंदाची. मी दार वाजवायची, नीट नाव सांगायची, पत्रक पुढे करायची. "नॉट टुडे, लव्ह," आणि दार बंद. माझी बाजू पाऊण तासात संपली. समोरच्या बाजूला त्या दोघी तिसऱ्याच घरात अडकलेल्या. खिडकीच्या जाळीच्या पडद्यामागे आईची निळी साडी हलताना दिसत होती, कपबश्यांचा आवाज येत होता, आणि मी फुटपाथवर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून उभी. सुनंदाचं इंग्रजी म्हणजे "वन बस. यू वाँट, आय वाँट, आँटी वाँट." एवढ्यावर तिला घराघरात खुर्ची मिळत होती. मला इतकं व्यवस्थित बोलता येत होतं आणि मला पायपुसण्याच्या पुढे कुणी जाऊ देत नव्हतं.

बरं, नुसता चहा पिऊन ती थांबली नाही. महिन्याभरात तिने वॉर्डाची भावकी पाठ केली. रात्री जेवताना ती आईला सांगायची, "ऑग्डन बाईची नणंद आल्बर्ट स्ट्रीटला ऱ्हाते. दोघी बोलत न्हाईत. आदी नणंदंकडं जायाचं आत्या, न्हाईतर ती रुसून बसंल आन तिच्या मागं चार घरं जातील."

"सुनंदा, हे इंग्लंड आहे," मी म्हणाले. "इथे लोक धोरण बघून मतं देतात. भावकी बघून नाही."

"भावकी कुटं नसती, वैजू?" ती भाकरी मोडत म्हणाली.

आई आधी नणंदेकडे गेली. नणंद खरंच रुसलेली निघाली. एका शिलाईच्या मशीनवरून दोघी बायका कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. ती आईला मत द्यायला तयार झाली आणि तिच्यामागे चार नाही, सहा घरं आली. त्या दिवशी आईने सुनंदाची दृष्ट काढल्यासारखी कानशिलावर बोटं मोडली. माझ्यासाठी तिने कधी बोटं मोडली होती का, हे मी झोपेपर्यंत आठवत होते. मोडली असतीलही. आठवली नाहीत, एवढं खरं.

आणि याच्यावर कडी म्हणजे मतदारयादी. शरद ऋतूत घरोघर यादीचा फॉर्म येतो तो बाबांनी भरून पाठवला होता. कॉमनवेल्थ देशातून आलेला माणूस इथे राहत असला की त्याला मत देता येतं. त्यामुळे सप्टेंबरात विमानातून उतरलेली, कोटाची बटणं अजून चुकीची लावणारी सुनंदा यादीत मतदार. माझंही नाव होतं, पण पुढे तारीख छापलेली, की ही मुलगी अमुक दिवशी अठरा वर्षांची होईल. तो दिवस मतदानानंतरच्या आठवड्यात येत होता. आईला मत सुनंदा देणार होती, मी नाही. मी बाबांना म्हटलं, हा अन्याय आहे. बाबा म्हणाले, "हा कायदा आहे." मग मी कायद्याकडेच वळले, आणि पुढे जन्मभर त्याच्यावरच पोट भरलं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी कॉलेजातून आले तर जिन्यापर्यंत तुपाचा वास. स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर शंकरपाळ्यांचा ढीग. आई कढईपाशी, सुनंदा खाली बसून कागदी पिशव्या भरते आहे. प्रत्येक पिशवीला माझं पत्रक टाचलेलं.

"हे काय चाललंय?"

"अगं, इतक्या घरचा चहा पिऊन झालाय," आई झारा झटकत म्हणाली. "आता मतदानाची आठवण करायला परत जायचं, तर रिकाम्या हाताने कशी जाऊ? लोकाचं भांडंसुद्धा आपण कधी रिकामं परत करत नाही."

"आल्बर्ट स्ट्रीट झालीबी वाटून," सुनंदा म्हणाली. तिच्या नाकाला पीठ लागलं होतं आणि चेहरा दिवाळीसारखा.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पायांच्या तळव्यांपासून वर चढत गेलेला आनंद. शेवटी एक गोष्ट सापडली होती, जी मला ठाऊक होती आणि तिला नव्हती.

"आई, हा गुन्हा आहे," मी म्हणाले. "ह्याला ट्रीटिंग म्हणतात. मतदारांना खायला-प्यायला घालून मतं मिळवायची. निवडून आलीस तरी निवड रद्द करतात. खटला होतो."

त्या गुन्ह्याला वाईट हेतू असावा लागतो, हे मला पुढे कायदा शिकताना कळलं. त्या दिवशी मला अर्धंच ठाऊक होतं, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला मी तयार बसले होते. बाबांना खालून बोलावलं. दोन पेशंटांच्या मधे ते स्टेथोस्कोप गळ्यात घेऊनच वर आले, माझं ऐकलं आणि खुर्चीवर बसले. एजंट ते होते. सही त्यांची होती. "वाटलेल्या परत गोळा करा," ते म्हणाले. "आत्ता. ताबडतोब."

आईने गॅस बारीक केला. "दिलेला घास परत मागू?"

"अगं, कायदा आहे इथला."

"असेल. तुम्ही म्हणाल तर उरलेल्या नाही वाटत. पण लोकांच्या दारात जाऊन 'खाल्लं नसेल तर द्या परत' असं माझ्या तोंडून निघणार नाही. उमेदवारी गेली तर गेली."

सुनंदा उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पिठाहून पांढरा. "आत्या, माज्यामुळं झालं. म्या म्हनलं पिशव्या करू."

आता आई हिला बोलणार, असं मला वाटलं. मी वाटच पाहत होते. आईने पदराला हात पुसले, सुनंदाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या त्या दुसऱ्या भाषेत म्हणाली, "तुज्यामुळं काय न्हाई झालं. माजं मी केलंय." मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाली, "वैजू, तेवढा गॅस बंद कर." मी बरोबर होते. घरात त्या क्षणी मी एकटीच बरोबर होते, आणि माझ्या वाट्याला गॅस आला.

आई जाणार नाही, बाबांना पेशंट सोडता येईनात. तेव्हा सुनंदाला आणि मला जावं लागलं. मी वाटेत वाक्य तयार केलं, की कायद्याच्या कारणास्तव आम्हाला त्या पिशव्या परत घ्याव्या लागत आहेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आल्बर्ट स्ट्रीटच्या पहिल्याच दारात नणंदबाईंच्या घरी मिसेस ऑग्डन बसलेली. शिलाईच्या मशीनचं भांडण मिटलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी माझं वाक्य म्हटलं. मिसेस ऑग्डनने कार्डिगनवरचे कण झटकले आणि विचारलं, "व्हॉट बिस्किट्स, लव्ह?" आणि माझ्या डोक्यावरून सुनंदाकडे बघून डोळा मारला.

सगळ्या रस्त्यावर तेच. कुणाला काही मिळालंच नव्हतं. कुणी काही खाल्लंच नव्हतं. एका आजोबांचं तोंड भरलेलं होतं, त्यांनी नुसती मान हलवली. शेवटच्या घरातल्या बाईला माझी दया आली असावी. ती आत गेली आणि पिशवीला टाचलेलं माझं पत्रक घेऊन आली, तुपाचे डाग पडलेलं, घडीही न मोडलेलं. "हे हवं असेल तर ने, लव्ह," ती म्हणाली. "हे काही आम्ही खाल्लं नाही."

परत चढ चढताना सुनंदा म्हणाली, "बघ वैजू. भावकी." मला हसू आलं होतं. मी ते गिळलं. उरलेले शंकरपाळे आम्ही पुढे कित्येक दिवस सकाळी चहाबरोबर खाल्ले, आणि वास खाली पेशंटांपर्यंत जाऊ नये म्हणून बाबा जिन्याचं दार लावून घ्यायचे.

मतदानाच्या दिवशी सुनंदा जांभळी साडी नेसून, केसात प्लास्टिकचा गजरा घालून मत द्यायला गेली. मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून तिला आत जाताना पाहिलं. मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी टाउन हॉलमध्ये होती. उमेदवार, एजंट आणि आणखी एक माणूस, एवढ्यांनाच आत जाता येणार होतं. तो एक पास आठवडाभर शेकोटीवरच्या मँटलपीसवर घड्याळाला टेकून उभा होता. त्याच्याविषयी कुणी बोलत नव्हतं, आणि येताजाता सगळे त्याच्याकडे पाहत होते. मला तो हवा होता. मला त्या काळात दुसरं काहीच हवं नव्हतं. युनिव्हर्सिटीतल्या जागेपेक्षा तो मला जास्त हवा होता, कारण तो ज्याला मिळेल त्याला आईने निवडलं असं होणार होतं.

मतदान आटोपून आल्यावर आईने तो उचलला, माझ्या खोलीत आली आणि माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवला. "तू चल," ती म्हणाली. "तुला त्यातलं कळतं." शेजारच्या पलंगावर सुनंदा वेणी सोडत होती. ती म्हणाली, "व्हय, तूच जा. मी भाईर थांबते." तिच्या जागी मी असते तर रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले असते. ती आडवी झाली आणि घोरायला लागली. मला याचाही राग आला.

टाउन हॉलमध्ये लांब टेबलं मांडलेली, त्यामागे बायका मतपत्रिकांच्या घड्या उलगडत बसलेल्या. बोटांवर रबरी टोप्या, आणि एक सारखी सरसर, कुणी सुकी पानं चाळवावीत तशी. मी आईच्या अंगाला अंग लावून उभी होते. तिचा हात गार पडला होता आणि तो माझ्या हातात होता. बाबा चष्मा पुसत होते. गठ्ठे वाढत गेले, आमचा आणि त्या मोठ्या पक्षाचा बरोबरीने, मग आमचा जरासा उंच दिसायला लागला, मग त्यांनी पुन्हा मोजले, आणि आई थोडक्या मतांनी निवडून आली.

निवडून आलेल्या उमेदवाराने दोन शब्द बोलायची पद्धत असते. ते मी लिहून दिले होते. आईने कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं, मोजणी करणाऱ्यांचे आभार. मग तिची नजर काचेच्या मोठ्या दारांकडे गेली. बाहेर पायऱ्यांवर पाऊस पडत होता. तिने कागदाची घडी घातली, आणि ती म्हणाली, "माय ब्रदर्स डॉटर इज आउटसाइड, इन द रेन. प्लीज लेट हर कम इन."

काउन्सिलर म्हणून तिने स्वतःच्या मनाने बोललेलं हे पहिलं वाक्य. लोक हसले, टाळ्या वाजल्या, निकाल जाहीर करणाऱ्या साहेबांनी मान डोलावली आणि दारावरच्या पोर्टरने दार उघडलं. सुनंदा आत आली, साडीवर कोट, कोटाची बटणं चुकलेली, केसांतून पाणी गळतंय. आई स्टेजवरून उतरली आणि त्या भरल्या हॉलमध्ये मोठ्याने म्हणाली, "ये गं माजी बाय! आपन आलो बघ निवडून!" त्या 'आपन'मध्ये मी होते की नव्हते, याचा निकाल अजून लागायचा आहे. आईने जाताना घडी केलेला कागद माझ्या हातात दिला होता. मी तो धरून उभी होते.

घरी आल्यावर मी कपबश्या विसळणाऱ्या आईच्या मागे जाऊन उभी राहिले. सुनंदा टेबलापाशी बसून टॉवेलने केस पुसत होती. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "मी तिथेच होते ना. तुझ्या शेजारी. माझं नाव तरी घ्यायचंस."

आई वळली. तिला खरोखरच कळलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अगं, तू तर आत होतीस," ती म्हणाली. "आत असलेल्याला कुणी बोलावतं का?" आणि तिने माझ्या हातात पुसायला कप दिला. सुनंदाचा टॉवेल थांबला होता.

बस परत आली, दिवसातून चार वेळा, आणि तिच्यात बसून म्हाताऱ्या सर्जरीत यायला लागल्या. आई पुष्कळ वर्षं काउन्सिलर होती. सुनंदाने इथेच लग्न केलं, आमच्यापासून दोन रस्ते सोडून घर घेतलं, आणि आई थकल्यावर तिच्या जागेवर तीच उभी राहिली. मी नाही राहिले. मला दारं उघडत नाहीत, हे मला माहीत होतं. शेवटी शेवटी आई फक्त माहेरच्या बोलीत बोलायची, आणि ते सुनंदाला माझ्याआधी कळायचं. 'आत असलेल्याला कुणी बोलावतं का' हे आईचं वाक्य मी आयुष्यभर उलटंपालटं करून पाहिलं आहे. कधी ते मला फार प्रेमाचं वाटतं. कधी वाटतं, चतुर बाई होती, सुटली बोलून. आणि कधी नुसतं वाटतं की असेल, मी आतच असेन. पण मला एकदा तरी बाहेर पावसात उभं राहायचं होतं आणि कुणीतरी भर सभेत माझ्यासाठी दार उघडायला सांगायला हवं होतं.

या मे महिन्यात सुनंदा पुन्हा उभी होती. शेवटची खेप, असं ती म्हणते. मागच्या वेळीही म्हणाली होती. प्रचाराला माझ्या दारात आली आणि दोन्ही पंजे उघडून दाखवले. "रिकामे हायत बघ. कायदा." मी तिला चहा दिला, मतदाराने उमेदवाराला पाजलेला चालतो. जाताना तिने मोजणीचा पास टेबलावर ठेवला. आता तिला चार मिळतात. मी म्हटलं, "नको. मला आतली गर्दी सोसत नाही. मी बाहेर थांबेन." ती माझ्याकडे जरा बघत राहिली आणि पास पर्समध्ये टाकून गेली.

ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून मी मत दिलं. कुणाला ते सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. भुरभुर पाऊस होता. छत्री होती पर्समध्ये, पण मी उघडली नाही. गुडघा ठणकत होता. आतून टाळ्या ऐकू आल्या, मग सगळं शांत झालं, मग हसण्याचा आवाज आला, आणि काचेचं मोठं दार उघडलं. एक पोरसवदा पोर्टर पायऱ्यांकडे बघत म्हणाला, "वैजू कोण? काउन्सिलर म्हणतात, माझी बहीण पावसात उभी आहे, तिला आत घ्या."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण जागची हलले नाही. म्हटलं, अजून एकदा बोलावू दे.